पाहुण्या कॉम्प्युटरचं घड्याळ

६ जानेवारी

दवाखान्यातला कॉम्प्युटर आज सकाळी गेला. गेला म्हणजे गेलाच. बटण दाबलं, आतून खरखर झाली, जळका वास आला आणि पडदा काळा. मी दोन मिनिटं नुसती बघत उभी. नोंदवही सांभाळणाऱ्या जाऊबाई त्यांच्या टेबलावरून म्हणाल्या, "अगं, पंख्याखाली ठेव थोडा वेळ." जसं काही त्याला चक्करच आलीय!

हसले खरी. चोवीस वर्षं मी लोकांच्या कानाची यंत्रं जुळवते. कुणाला कुठला सूर किती मोठा करून द्यायचा, हे यंत्राला कॉम्प्युटरवरून शिकवावं लागतं. माझ्याकडच्या एकसष्ट जणांच्या कानात एकाच कंपनीची यंत्रं आहेत. यंत्रं दणकट, पण कंपनी बंद पडून तीन वर्षं झाली आणि तिचा प्रोग्राम जुनापुराणा. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, हा आता भंगारात. नवा घ्या. पण तुमचा प्रोग्राम नव्यावर चालायचा नाही, त्याला त्याच्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम लागते."

म्हणजे एकसष्ट माणसं माझ्या भरवशावर, आणि मी हात चोळत बसलेय.

७ जानेवारी

लेकीला फोन केला. ती दूर असते, कॉम्प्युटरच्याच कामात. म्हणाली, "आई, रडतेस काय? व्हर्च्युअल मशीन कर."

मला जे कळलं ते असं: नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक लुटुपुटीचा कॉम्प्युटर तयार करायचा. त्याला थोडी मेमरी द्यायची, थोडी डिस्क द्यायची आणि त्यात जुनी सिस्टिम बसवायची. त्या बिचाऱ्याला वाटतं आपण खरेच. बाहेरच्याला यजमान म्हणतात, आतल्याला पाहुणा. जाऊबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "किती दिवस राहणार ते आधीच विचारून घे."

जुन्या सिस्टिमची सीडी कपाटात सापडली. तिचा भलामोठा नंबर मेलेल्या कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर होता, अर्धा पुसलेला. भिंग घेऊन वाचला. आठ की बी, ह्यावरून माझी आणि जाऊबाईंची चांगलीच जुंपली. बी निघाला. जाऊबाईंनी ते दुपारभर तोंडावर मिरवलं.

९ जानेवारी

काल नवा कॉम्प्युटर आणला. देवा, काय हा प्रकार! पाहुणा सुरू केला तर काळ्या पडद्यावर एक ओळ: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. अर्धा तास डोकं खाजवलं. सीडी खऱ्या कॉम्प्युटरमध्ये घातली होती, पण पाहुण्याला ती दिलीच नव्हती. त्याला वेगळी वाढावी लागते म्हणे.

मग निळा पडदा आला, पट्टी सरकायला लागली. मी त्या खिडकीत एकदा क्लिक केलं आणि माउस आत अडकला. बाहेर येईचना! खिडकीच्या कडेपर्यंत जायचा आणि तिथेच गप्प. माझी अशी गाळण उडाली की मी सरळ भिंतीतला प्लग उपटला. लेकीला सांगितलं तर फोनवर इतकी हसली की मला राग आला. उजव्या बाजूची एक कळ दाबली की माउस सुटतो म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं?

पुन्हा पहिल्यापासून. "एकोणचाळीस मिनिटं बाकी" हे दीड तास दिसत होतं. पण चारला पाहुणा उठून बसला. तोच जुना पडदा, तेच जुने आवाज. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

१० जानेवारी

आनंद एक रात्र टिकला. आज पाहुण्यात कानाचा प्रोग्राम घातला आणि त्यानं तोंडावर दार लावलं: परवान्याची मुदत संपली आहे, कंपनीशी संपर्क साधा. आता कंपनीला काय स्वर्गात फोन लावू? मेलेल्या कॉम्प्युटरवर एकदा चालू झाल्यावर त्यानं पुन्हा कधी परवाना विचारला नव्हता. नव्या घरात मात्र ओळखपत्र मागतोय.

एक तास हातपाय गाळून बसले. मग डोक्यात आलं, की ह्याला आजची तारीख कोण सांगतं? घड्याळच ना? परवाना सहा वर्षांपूर्वीचा होता. पाहुण्याचं घड्याळ बरोबर सहा वर्षं मागे नेलं. प्रोग्राम मुकाट उघडला! मी टाळी वाजवली. दरवेळी पाहुणा सुरू झाला की यजमानाचं घड्याळ बघून पुन्हा आजच्या तारखेला यायचा, म्हणून लेकीला विचारलं, ही बांधीलकी सोडवायची कशी.

"कशाला गं?"

"असंच."

"आई, काहीतरी उद्योग करून ठेवू नकोस."

पण सांगितलं तिनं. आता पाहुणा आपल्या सहा वर्षांपूर्वीच्या जगात सुखी आणि मी माझ्या. पंचावन्नाव्या वर्षी हे जमवलं बाई मी! स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

१५ जानेवारी

गेल्या चार दिवसांत अकरा जणांची यंत्रं जुळवली. जुन्या नोंदी उघडत नाहीत, म्हणून प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, कानाची तपासणी सगळं नव्यानं भरावं लागतं. पण काम फक्कड होतंय. निवृत्त पोस्टमन तर म्हणाले, "इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं, बायको काय काय बोलते ते आता कळलं, तेवढं कमी करता येईल का?"

छापलेल्या कागदावर तारीख सहा वर्षांपूर्वीची येते. जाऊबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. "तुझ्या पाहुण्याकडे जुनं कॅलेंडर दिसतंय." मी ती तारीख पेनानं खोडून वर आजची लिहिते. एवढंच ना?

१९ जानेवारी

आज भिंगरी आली. सात वर्षांची आहे, एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मीच हे नाव ठेवलंय. ती मला "कानवाली मावशी" म्हणते. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई बेकरीत पाव पाकिटात भरते, हाताला सदा पिठाचा वास.

दिवाळखोर निघालेल्या त्या कंपनीची यंत्रं हिच्याही कानात, तीन वर्षं छान चालली. नोव्हेंबरात मोठा ताप आला आणि ऐकणं आणखी खाली गेलं. म्हणून मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनसाहेबांनी मला चिठ्ठी दिलीय: नव्या तपासणीप्रमाणे यंत्रं जुळवा, दहा आठवडे लावू द्या, मग यंत्रासकट तपासा. उपयोग दिसला तर ऑपरेशनचं नाव नको. नाही दिसला तर उजव्या कानाच्या आत, आवाज थेट नसेला पोचवणारी तार बसवावी लागेल. तार बसवली की त्या कानात जे काही मूळचं ऐकू येतंय, तेही बहुतेक जातं. तिच्या आईनं मला दोनदा विचारलं, "मॅडम, नाही ना लागणार?" मी म्हटलं, "काळजी करू नका, मी आहे ना."

प्रोग्रामनं दिलेला आवाज मला जरा कमी वाटला. हातानं वाढवायला गेले तर लाल अक्षरांत इशारा: या वयाला याहून मोठा आवाज धोक्याचा. सात वर्षांच्या पोरीला? पूर्वी असं कधी म्हणत नव्हता. बहुधा ऐकणं जास्त गेलंय म्हणून सावधपणा. बाई, लेकराच्या कानाशी खेळ नको. प्रोग्राम सांगतो तसं ठेवलं.

११ फेब्रुवारी

भिंगरीची आई सांगते, पोरगी हाकेला बघत नाही. शाळेच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलंय की वर्गात लक्ष नाही. भिंगरीला विचारलं, तर म्हणाली, "सगळे आवाज लांब जाऊन बसलेत."

मी आईला स्पष्ट विचारलं, "घरी यंत्रं लावता ना नीट?"

"लावते हो. झोपतानाच काढते."

मला नाही खरं वाटत. सकाळी कामावर जायची घाई, पोरगी अशी चळवळी, काढून ठेवत असणार कुठेतरी. दहा आठवडे नीट लावली नाहीत तर तपासणीला अर्थ काय? थोडं कडक बोलले. बिचारीनं मान खाली घातली. वाईट वाटलं, पण कुणीतरी बोलायला हवं ना.

२८ मार्च

यंत्रं लावून तपासणी केली. काचेच्या खोलीत भिंगरी खुर्चीवर, हातात लाकडी ठोकळे. आवाज ऐकला की ठोकळा डब्यात टाकायचा. एरवी ह्या खेळात तिचा हात कुणी धरायचं नाही. आज ठोकळा हातात तसाच. मी आवाज वाढवत नेला, वाढवत नेला. दार आपटल्याएवढा झाला तेव्हा कुठे पहिला ठोकळा पडला. मी हबकले. तिची आई काचेबाहेरून बघत होती, तिचा चेहरा पांढराफटक.

अहवालात लिहिलं: यंत्रांचा पुरेसा उपयोग दिसत नाही. सही केली. दुसरं काय लिहिणार होते?

आई निघताना म्हणाली, "मॅडम, मी खरंच रोज लावली हो." मी म्हटलं, "असू द्या आता."

११ एप्रिल

भिंगरीचं ऑपरेशन आज झालं. उजव्या कानामागे. सर्जनसाहेबांचा फोन आला, सगळं व्यवस्थित. जखम भरली की दहा मेला तार चालू करायची, तोवर त्या बाजूनं काहीच ऐकू येणार नाही. चालू करायला आणि जुळवायला मी जाणार आहे. डाव्या कानात जुनं यंत्र राहील.

जाऊबाईंनी तिच्यासाठी रंगीत खडूंची पेटी आणलीय.

१९ एप्रिल, दुपार

लिहिते, नाहीतर मला वेड लागेल.

सकाळी एक गृहस्थ नातवाला घेऊन आले. साडेतीन वर्षांचा. मोठ्या भावाला लहान झालेली यंत्रं ह्याला बसवायची, त्याच कंपनीची. मी नाव भरलं, जन्मतारीख भरली. प्रोग्राम म्हणाला: जन्मतारीख चुकीची, हा दिवस अजून यायचा आहे.

जाऊबाई माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हा अजून जन्मलाच नाही की काय?" आजोबा हसले, मीही खो खो हसले. म्हटलं, पाहुण्याच्या हिशेबी अडीच वर्षं आहेत ह्याला जन्मायला.

आणि तोंडातलं हसू तोंडातच राहिलं.

मी आजोबांना म्हटलं, उद्या या. ते काही विचारत होते, मला ऐकूच आलं नाही. भिंगरीचं पान उघडलं. वर कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, जानेवारीपासून छापलेलं होतं: वय एक वर्ष एक महिना.

एक वर्ष एक महिना! प्रोग्राम जन्मतारीख घेतो आणि वय स्वतः काढतो. घड्याळ बघून काढतो. बाळाच्या कानाची नळी एवढीशी असते, तीत थोडा आवाजही मोठा होतो, म्हणून तो बाळांना आवाज पुष्कळ कमी देतो. हे मी शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलेय. मला माहीत होतं. मीच घड्याळ मागे नेलं, मीच कागदावरची तारीख रोज खोडली, लाल अक्षरांतला इशारा मीच वाचला, आणि तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. सात वर्षांच्या पोरीच्या कानात तीन महिने मी तान्ह्या बाळाचा आवाज घातला, आणि तिला ऐकू येत नाही असं लिहून सही केली.

सगळी पानं उघडून पाहिली. बाकीचे सगळे साठीच्या पुढचे, त्यांना सहा वर्षांनी काही फरक पडत नाही. म्हणून तर सगळे खूश होते. तीन महिन्यांत लहान मूल एकच आलं होतं.

काचेच्या खोलीत दार लावून बसले. तिथे बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला जात नाही. जाऊबाई काचेवर टकटक करत होत्या, मला फक्त त्यांचा हात दिसत होता.

२० एप्रिल

"डावं यंत्र तपासायचंय" असं सांगून दोघींना बोलावून घेतलं. भिंगरीच्या उजव्या कानामागे पट्टी, त्याभोवतीचे केस कापलेले. जन्मतारीख सहा वर्षं मागची टाकली, म्हणजे वय बरोबर आलं. लाल इशारा नाही, काही नाही. प्रोग्रामनं आपणहून आवाज दिला तेवढा, जेवढा जानेवारीत मला द्यावासा वाटला होता.

यंत्र तिच्या डाव्या कानात घातलं. ती एकदम ताठ बसली. मग खुर्ची करकरवली. पुन्हा करकरवली. मग हळूच म्हणाली, "मावशी, तुमचा पंखा किती बोलतो!"

तिची आई मागे दारात होती. तिनं हाक मारली, मोठ्यानं नाही, आपण घरात मारतो तशी. पोरगी वळली.

त्या बाईनं तिथेच फतकल मारली. पोरीला कुशीत घेतलं, हसतेय, रडतेय, पुन्हा हाक मारतेय, पोरगी पुन्हा "काऽऽय?" म्हणतेय. जाऊबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. आणि मग ती माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ऑपरेशनचा गुण आला, मॅडम! मी उगीच घाबरत होते. तुम्ही लिहून दिलंत म्हणून झालं."

तार अजून चालूच केलेली नाही. उजव्या कानात काहीसुद्धा नाही. हे तिला सांगितलेलं आहे, पण आनंदात कुणाच्या लक्षात राहतं? मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "हो, छान झालं." लाज वाटते लिहितानाही. माझ्या जन्मात मी इतकं नीच बोलले नव्हते.

२१ एप्रिल

जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, "पोरीला ऐकू येतंय. आई खूश आहे. तार चालू झाली की त्या कानानंही येईल. तू सांगून कुणाचं भलं होणार?"

"माझं नाही होणार."

"तेच म्हणतेय मी. चोवीस वर्षांचं नाव आहे तुझं. एका घड्याळापायी मातीत घालणार?"

खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. दिवसभर मी स्वतःशी हेच घोकत होते. आणि तरी त्या बोलल्या तेव्हा अंगावर काटा आला.

२२ एप्रिल

सर्जनसाहेबांकडे गेले. मार्चचा अहवाल आणि परवाचा डाव्या कानाचा, दोन्ही कागद पुढ्यात ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. "डाव्या कानाला यंत्रानं एवढं येतंय?"

"हो."

"आणि उजवा तर डाव्यापेक्षा थोडा बरा होता."

"हो."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना पाठमोरं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "तार चांगली बसलीय, ती शिकेल त्या कानानं ऐकायला. वेळ लागेल. पण मूळचं गेलं ते गेलं." मग विचारलं, आईला कोण सांगणार. वरिष्ठांना आणि कागदोपत्री कळवणं ते करतील, हवं तर आईलाही तेच सांगतील.

मी म्हटलं, मी सांगते.

२४ एप्रिल

सांगितलं.

संध्याकाळी पाचला त्यांच्या खोलीवर गेले. एकच खोली, खिडकीखाली टेबल, टेबलाशी भिंगरी जाऊबाईंच्या खडूंनी चित्र रंगवत होती. आईनं खुर्ची पुसून दिली. चहा टाकू का, म्हणाली. मी नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सुरू केलं, बसले असते तर धीर सुटला असता. कॉम्प्युटर, घड्याळ, तारीख, वय, सगळं. सोपं करून सांगायचं ठरवून गेले होते. पण सोपं सांगितलं की माझा गुन्हा लहान वाटत होता, म्हणून पुन्हा सविस्तर सांगितलं.

ती मध्ये एकदाच बोलली. "म्हणजे ऑपरेशन..."

"लागलं नसतं. यंत्रानं भागलं असतं. दोन्ही कानांना."

"आणि परवा वळली ती?"

"डाव्या कानानं. मी आवाज बरोबर केला म्हणून."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. घराबाहेर काढेल. मनातून मला तेच हवं होतं. तिनं फक्त पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मारलंय हो मी हिला. दोनदा. हाका मारून बघत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात यंत्रं लावत नाही, शाळा म्हणाली लक्ष नाही. मला वाटलं, हीच मुद्दाम करतेय."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून "माफ करा" एवढंच निघालं, तेही तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

ती उठली. टेबलाशी गेली, भिंगरीच्या डाव्या कानातलं यंत्र हलक्या हातानं काढलं आणि मुठीत धरलं. भिंगरीला सवय आहे, तिनं मान वरही केली नाही. आई तिच्या मागून उजव्या बाजूला आली. वाकली. पट्टीपासून वीतभर अंतरावरून तिनं हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं.

भिंगरी खडू फिरवत राहिली. तिला निळा सापडत नव्हता, तो शोधून तिनं कडेनं रंगवायला घेतलं.

आईनं यंत्र पुन्हा डाव्या कानात बसवलं, नळी सरळ केली, केस मागे सारले. मग माझ्याकडे वळली. आवाज अगदी साधा होता.

"मॅडम, दहा मेला तार चालू करायला तुम्ही येऊ नका. दुसरं कुणीतरी पाठवा."

मी बरं म्हटलं.